भुऱ्याचा डावा डोळा

आमच्या फाटकाशी येऊन हनवते सिस्टर दोनच प्रश्न विचारायच्या. पहिला, "बांधलंय का?" आणि दुसरा, "हात धुतलेत का?" पहिल्याचं उत्तर 'हो' आल्याशिवाय त्या आत पाऊल टाकत नसत आणि दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तरी त्यांचा त्यावर विश्वास बसत नसे. पहिला प्रश्न भुऱ्याबद्दल असायचा. भुऱ्या म्हणजे माझ्या वडिलांचा, अण्णांचा, कुत्रा. दुसरा प्रश्न साऱ्या मनुष्यजातीबद्दल होता.

गंगाखेडला स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत आमचं घर आणि चार घरं सोडून त्यांचं. सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात उभा जन्म काढून त्या निवृत्त झाल्या, असं कागदावर होतं. खरं तर फक्त वॉर्ड बदलला होता. आता आमची गल्ली हा त्यांचा वॉर्ड होता आणि आम्ही सगळे, अगदी धडधाकट असलो तरी, त्यांचे पेशंट होतो. सकाळी मी दाढी करत ओट्यावर बसलो की जाता जाता म्हणायच्या, "गुरुजी, डोळे कामून लाल हायेत? जागरण का धूळ?" आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या घरात डोकवायच्या.

बुटक्या, सावळ्या, ताठ. केसांचा इतका घट्ट अंबाडा की भुवया थोड्या वर ओढल्यासारख्या दिसत. त्यामुळे आता या आपल्याला रागावणार असं कायम वाटे आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. बाराही महिने हातात छत्री. पर्समध्ये साबणाची गुलाबी डबी आणि हातभर टॉवेल. कुणाच्याही घरी गेल्या की आधी नळाकडे जायच्या. कोपरापर्यंत हात धुवायच्या, कोपरानंच नळ बंद करायच्या आणि हात वर धरून बाहेर यायच्या. निघताना पुन्हा तेच. बुद्धपौर्णिमेला त्या साऱ्या गल्लीला खीर वाटत. तेव्हासुद्धा वाटी पुढे करायच्या आधी घेणाऱ्याचे हात उलटेपालटे करून बघत. न धुतलेल्या हातानं त्यांनी काही केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

छत्री उन्हापावसासाठी नव्हती, कुत्र्यांसाठी होती. पोखर्णीजवळच्या त्यांच्या खेड्यात, सात वर्षांच्या असताना, त्यांना कुत्रं चावलं. मग बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. "चौदा! मोजून!" त्या सांगायच्या. "तवापासून कुत्रं दिसलं की माझं पोट दुखतंय. दुखणं खोटं हाय, मला कळतंय. पोटाला कळत न्हाई." मोठमोठ्या डॉक्टरांना त्यांनी भर वॉर्डात हात धुवायला परत पाठवलं होतं, पण गल्लीत एखादं पिल्लू शेपूट हलवत आलं की त्या छत्री उघडून तिच्याआड उभ्या राहायच्या. मला याचं फार हसू यायचं. पुढे यायचं बंद झालं, ते का तेच सांगायचं आहे.

पण आधी शाळेची गोष्ट सांगतो, म्हणजे बाई काय होत्या ते कळेल. मी सोनपेठ तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे. एका वर्षी डोळे येण्याची साथ आली, निम्मा वर्ग लाल डोळ्यांनी बसलेला. मी सिस्टरांना विनवून शाळेत नेलं. गावचे सरपंच स्वागताला काळा चष्मा लावून, हार घेऊन उभे. सिस्टरांनी हाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हार राहू द्या. चष्मा काढा."

सरपंचांनी काढला. उजवा डोळा टोमॅटोसारखा.

"ह्या डोळ्यानं शाळेत आलाव? पोरांना वाटायला?"

नंतर त्यांनी सरपंचांना दुसरीच्या पोरांमध्ये पहिल्या रांगेत बसवलं आणि सगळ्यांना हात धुवायला शिकवलं. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, हे पोरांना कळावं म्हणून टॉवेलांच्या कोपऱ्यांना रंगीत दोरे बांधून दिले. "डोळा बघायला दिलाय, चोळायला न्हाई," हे वाक्य पोरांकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं, की पुढे कितीतरी दिवस ते पाढ्यांच्या चालीवर ऐकू येई. सरपंच आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत आणि ग्रामसभा पुढे ढकलली गेली.

दुसरी गोष्ट बाटल्यांची. आमच्या भागात मोतीबिंदूचं शिबिर झालं आणि गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना लख्ख दिसायला लागलं. अण्णांनाही. ऑपरेशननंतर डोळ्यांत घालायला प्रत्येकाला थेंबांच्या छोट्या बाटल्या मिळाल्या होत्या. आता, गुण आलेलं औषध टाकून देणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. डोळे बरे झाले तरी बाटली देवळीत देवाशेजारी जाऊन बसली आणि हळूहळू सार्वजनिक झाली. कुणाच्या डोळ्यात कांदा गेला, आण बाटली. कुणाच्या डोळ्यावर रांजणवाडी आली, आण बाटली. एक बाटली तर चार घरं फिरून पाचव्या घरी लागली होती.

सिस्टरांना हे कळलं त्या रविवारी सकाळी त्या झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन निघाल्या. दारात उभं राहून एकच वाक्य, "ऑपरेशन झालं, डोळे बरे झाले, बाटलीचं काम संपलं. द्या." कुणी कुरकुर केली की बाटलीवरची तारीख मोठ्यानं वाचून दाखवायच्या. एका बाटलीवर वारलेल्या माणसाचं नाव निघालं. "ह्यांनी डोळे मिटून दोन वर्षं झाली आणि तुमी ह्यांचे थेंब घालायलाव?" म्हणाल्या आणि ती डब्यात टाकली.

आमच्या दारात आल्या तेव्हा अण्णांनी हात जोडले. "संपली वो सिस्टर. कवाच फेकून दिली."

अण्णा तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. एकदाही गाडी उशिरा नेली नाही, हे सगळ्या गल्लीला त्यांच्याच तोंडून माहीत होतं. अशा माणसाचा शब्द सिस्टरांनी मानला आणि पुढच्या घरी गेल्या. पडताळा न करता त्यांनी कुणावर विश्वास ठेवल्याची माझ्या माहितीतली ती एकच वेळ. बाटली भिंतीवर आईच्या फोटोमागे होती. लागली तर असावी म्हणून.

आणि ती लागली. दसऱ्यानंतर आमच्या दोन एकरांतल्या सोयाबीनची मळणी होती. भुऱ्या अण्णांच्या पायात पायात, मळणी यंत्राच्या पुढ्यातच उभा. भुसकटाचा धुरळा नुसता उडत होता. संध्याकाळी त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि तो पुढच्या पायानं डोळा घासायला लागला. अण्णांनी नळाच्या पाण्यानं डोळा धुतला. दुसऱ्या दिवशी डोळा अर्धा मिटलेला. मग त्यांनी आईचा फोटो बाजूला सारला. ज्या औषधानं आपल्याला दिसायला लागलं तेच याला घालावं, एवढा साधा हिशेब. दिवसातून दोनदा, कुणाला न सांगता, त्यांनी भुऱ्याच्या डोळ्यात ते थेंब घातले.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी शाळेत निघताना मी भुऱ्याला नीट पाहिलं, तर डाव्या बुबुळावर दुधावर साय धरावी तसा निळसर पांढरा पडदा. डोळा उघडवत नव्हता. मी शाळेत फोन करून रजा सांगितली आणि सिस्टरांकडे पळालो.

"बांधलंय का?" फाटकाबाहेरून त्यांनी विचारलं. बांधलंय म्हटल्यावर आत आल्या, दहा पावलांवर थांबल्या, छत्री उघडली आणि छत्रीच्या कडेवरून भुऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी इतका गंभीर कधी पाहिला नव्हता.

"कवापासून?"

"चार दिवस," मी म्हणालो.

"काय घातलं डोळ्यात?"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले. "नुसतं पाणी."

"उकळून का नुसतं तापवून?"

अण्णांनी मान खाली घातली. तापवलंही नव्हतं.

"गुरुजी, गाडी बगा," सिस्टर म्हणाल्या. "लाल असतं, पाणी गळत असतं, चिपडं असती, तर घरी धुऊन दोन दिवस वाट बगितली असती. बुबुळ पांढरं झालं की घरचं काम संपलं. परभणीला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

"आत्ता?"

"मंग काय, एकादशीला?"

मी जीपवाल्याला फोन करत होतो. तेवढ्यात अण्णा आत गेले आणि बाहेर आले ते मूठ मिटून. सिस्टरांपुढे येऊन त्यांनी मूठ उघडली. बाटली होती. मी म्हटलं, आता आभाळ कोसळणार. सिस्टरांनी बाटली घेतली, हात लांब करून लेबल वाचलं, तारीख वाचली. मला वाटतं, तेवढ्या वेळात त्यांनी राग गिळून टाकला.

"तुमी त्याच्या भल्यासाठीच केलंत," त्या म्हणाल्या. "आता रडू नका. हात धुवा आणि गाडीत बसा."

जीपमध्ये सिस्टर पुढे, छत्री छातीशी धरून. मागे भुऱ्या अण्णांच्या मांडीवर. परभणीच्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी भुऱ्याच्या डोळ्यात कागदाची एक रंगीत पट्टी टेकवली, डोळा पाण्यानं धुतला आणि बॅटरी धरली. बुबुळावर हिरवीगार रेघ चमकली. भुसकटाचा ओरखडा. त्यांनी अण्णांना समजावून सांगितलं, की तुमच्या ऑपरेशननंतर जे औषध सूज उतरवायला चांगलं होतं, तेच ओरखड्यावर घातलं की जखम भरू देत नाही. म्हणून ती खोल गेली. आता वेगळे थेंब, दोन प्रकारचे. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दर दोन तासांनी. चौदा दिवस. एकही वेळ चुकवायची नाही आणि त्याला डोळा घासू द्यायचा नाही.

"आणि चुकली तर?" अण्णांनी विचारलं.

"बुबुळ फुटलं तर डोळा काढावा लागेल, आजोबा."

घरी आल्यावर माझ्या बायकोनं, मंदानं, ताट वाढलं, ते तसंच राहिलं. "ह्याचा डोळा मी घालवला," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आई गेल्यापासून भुऱ्याच त्यांच्या दिवसभराचा सोबती होता. सकाळचा चहासुद्धा दोघं बशीत अर्धा अर्धा प्यायचे. मला कुत्र्याची काळजी होतीच, पण खरी भीती वाटली ती अण्णांची.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फाटकावर छत्रीची टकटक. सिस्टरांनी रात्रीतून वॉर्डात असतो तसा तक्ता आखून आणला होता. वेळ, औषध, सही. तो भिंतीवर चिकटवला आणि अण्णांसमोर उभ्या राहिल्या.

"जेवलात का काल?"

अण्णांनी तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं.

"उपाशी माणसाचा हात थरथरतो. भाकर खावा, मंग थेंब घाला."

"मी न्हाई घालणार, सिस्टर. ह्या हातानंच वाटोळं केलंय."

"त्याच हातानं नीट करायचं. कुत्रं तुमच्याशिवाय कुणाला जवळ येऊ देतंय? मी हाय ना, सांगते."

मग सुरू झालं शिक्षण. सिस्टर ओट्यावर, छत्री उघडून. अंगणात दहा पावलांवर अण्णा आणि भुऱ्या. मी कुत्र्याला धरायला. ओट्यावरून हुकूम सुटायचे. पाणी उकळून कोमट केलेलंच. कापूस नाही, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. दवाखान्यातली जाळीची पट्टी घ्या. वाळलेली चिपडं ओढायची नाहीत, पट्टी भिजवून वर धरायची, ती आपोआप सुटतात. नाकाकडून बाहेर पुसायचं, एकदाच, पट्टी टाकायची, नवी घ्यायची. उजव्या डोळ्याची पट्टी डाव्याला नाही. बाटली समोरून आणायची नाही, डोक्यामागून आणायची, म्हणजे त्याला दिसत नाही. टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. एक थेंब झाला की पाच मिनिटं थांबून दुसरा. आणि मग शाबासकी म्हणून भाकरीचा तुकडा.

पहिल्या दिवशी पहिला थेंब नाकावर, दुसरा माझ्या मनगटावर, तिसरा डोळ्यात. अण्णांनी तक्त्यावर सही केली, ड्रायव्हर डेपोत करतो तशी, वेळ मिनिटासकट लिहून.

राहिला प्रश्न घासण्याचा. गळ्यात घालायचं प्लास्टिकचं नरसाळं गंगाखेडला कुठे मिळेना. सिस्टरांनी विचारलं, "जुना एक्सरे हाय का घरात?" अण्णांच्या छातीचा होता, मोठा. सिस्टरांनी तो कात्रीनं कापला, कडेला मऊ पट्टी शिवली, बांधायला फीत लावली आणि लांबूनच माझ्याकडे फेकला. तो गळ्यात बांधून भुऱ्या उन्हात उभा राहिला की अण्णांच्या बरगड्या लख्ख दिसायच्या. दोन दिवसांत पहिल्यांदा अण्णा हसले. "बग रे, माझ्या फासळ्या घालून फिरायलाय!"

गल्लीतले लोक बघायला यायला लागले. सिस्टर प्रत्येकाला फाटकातच अडवत. कुणी म्हणे मध घाला, कुणी म्हणे गुलाबपाणी, कुणी म्हणे बाळंतिणीचं दूध. त्या सगळ्यांना सिस्टर एकच उत्तर देत, "तक्त्यात न्हाई."

मी शाळेत गेलो की भुऱ्याला धरायला मंदा होती. पण शनिवारी आठचे थेंब झाले की मंदा माहेरी जाणार होती आणि माझी सकाळची शाळा. सातला शाळा म्हणजे मला पहाटेच्या एसटीनं निघणं भाग होतं. दहाचे थेंब अण्णा एकट्यानं कसे घालणार, या विचारानं माझा एकही तास धड झाला नाही. शाळा सुटताच मी पहिली गाडी पकडली. घरी पोचलो तेव्हा बारा वाजत होते.

फाटक उघडं. ओट्यावर कुणी नाही. आणि अंगणाच्या मध्ये छत्री, फेकून दिल्यासारखी आडवी पडलेली. छत्री आहे आणि सिस्टर नाहीत हे दृश्य मी कधीच पाहिलं नव्हतं. मी घराच्या मागे धावलो.

मागच्या अंगणात सीताफळाखाली सिस्टर जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर भुऱ्याचं डोकं. त्यांचा एक हात त्याच्या जबड्याखाली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं डाव्या डोळ्याची पापणी वर धरलेली, अगदी वॉर्डात धरायच्या तशी. अण्णा मागून बाटली आणत होते. आणि सिस्टरांचे स्वतःचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले.

"पडला का?"

"न्हाई अजून. जरा वर धरा."

"बेगीन करा वो अण्णा, माझं पोट दुखायलंय!"

"पडला!"

"डोळ्यात का नाकावर?"

"डोळ्यात, सिस्टर, डोळ्यात!"

तेव्हा कुठे त्यांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. भुऱ्यानं जीभ काढून त्यांचं मनगट चाटलं, घड्याळासकट. त्या दचकल्या, पण मांडी हलवली नाही. दुसऱ्या थेंबाला पाच मिनिटं होती आणि ती पाच मिनिटं त्या तशाच बसून राहिल्या. मग नळावर जाऊन इतका वेळ हात धुतले की टाकी रिकामी होते की काय असं मला वाटलं. इतकी वर्षं आपण या बाईंच्या भीतीला हसलो, याची मला लाज वाटली.

अण्णांनी नंतर सांगितलं. दहाला त्यांना एकट्याला भुऱ्या आवरेना, तीनदा निसटला. ते म्हणाले, "राहू द्या सिस्टर, एक वेळ चुकली तर चुकली." त्याबरोबर ओट्यावरून छत्री उडाली. "चुकली तर चुकली म्हणता? माझ्या वॉर्डात कधी थेंब चुकला न्हाई!" असं म्हणत त्या खाली उतरल्या आणि चालत कुत्र्यापर्यंत आल्या. दहाचे घातले आणि बाराचेही घालायला थांबल्या. तक्त्यात दहाच्या रकान्यात दोन सह्या होत्या. एक अण्णांची, एक त्यांची.

त्यानंतर त्या ओट्यावर बसल्या नाहीत. डोळे मात्र पुढचे काही दिवस मिटूनच घ्यायच्या.

नवव्या दिवशी एक धक्का बसला. सकाळी बघतो तर बुबुळाच्या कडेनं लाल रेघा आत शिरलेल्या. अण्णांच्या हातातली बाटली गळून पडली. सिस्टरांनी भुऱ्याला उजेडाकडे वळवलं, आणि पहिल्यांदाच दोन्ही डोळे उघडे ठेवून, वीतभर अंतरावरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फोटो काढून परभणीच्या डॉक्टरीण बाईंना पाठवायला लावला. उत्तर यायच्या आधीच त्या अण्णांना म्हणाल्या, "घाबरू नका. रक्त पोचायलंय म्हणजे जखम भरायलीय. असं मी माणसात लय बगितलंय." डॉक्टरीण बाईंचं उत्तरही तेच आलं. अण्णांनी पडलेली बाटली उचलली, तर सिस्टरांनी ती काढून घेतली. "खाली पडली, टोकाला माती लागली. नवी आणा."

चौदाव्या दिवशी पुन्हा परभणी. पुन्हा जीप. या वेळी मागच्या सीटवर तिघं होते, अण्णा, भुऱ्या आणि सिस्टर. डॉक्टरीण बाईंनी पुन्हा ती रंगीत पट्टी लावली, बॅटरी धरली. रेघ नव्हती. कोपऱ्यात धुक्यासारखा एक छोटा डाग तेवढा राहिला होता.

"जखम भरली," त्या म्हणाल्या. "पण दिसतंय का ते बघू."

त्यांनी भुऱ्याचा चांगला उजवा डोळा झाकला, कापसाचा एक बोळा घेतला आणि डाव्या बाजूनं वरून सोडून दिला. कापूस पडताना आवाज होत नाही, वासही येत नाही. दिसला तरच कळतो.

बोळा जमिनीवर पडला. भुऱ्या अण्णांकडे तोंड करून बसलेला, जागचा हलला नाही. अण्णांनी माझा दंड धरला. इतका घट्ट, की नंतर दोन दिवस तिथे निळं होतं.

"तो अण्णांच्याच तोंडाकडे बगायलाय," सिस्टर म्हणाल्या. "अण्णा, बाहेर व्हा."

अण्णा दाराआड गेले. दुसरा बोळा सुटला. भुऱ्याचं डोकं बोळ्याबरोबर खाली आलं, सावकाश, बोळा जमिनीला टेकेपर्यंत. तिसरा बोळा सुटला तो जमिनीपर्यंत पोचलाच नाही. भुऱ्यानं तो हवेतच पकडला आणि चावायला लागला.

"बगितलं का गुरुजी! बगितलं का!" सिस्टर एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेर म्हैस घेऊन उभे असलेले लोक आत डोकावले. अण्णा दाराआडून धावत आले, गुडघ्यावर बसले आणि भुऱ्याच्या तोंडातून कापूस काढता काढता लहान पोरासारखे हसायला लागले. डॉक्टरीण बाईंनी तक्ता मागून घेतला. सगळे रकाने भरलेले, सगळ्या सह्या वेळेवर. "आमच्याकडे भरती केलेल्या जनावराचाही असा तक्ता नसतो," त्या म्हणाल्या. सिस्टरांनी अंबाडा सावरला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला रडू आलं, सांगायला काही हरकत नाही.

गंगाखेडला पोचलो तर गल्ली ओट्यांवर येऊन बसलेली. मी मंदाला फोन केला होता आणि तिनं सगळ्यांना कळवलं होतं. अण्णांनी पेढे वाटले, प्रत्येकाला स्वतःच्या हातानं, आणि प्रत्येकाला बाटलीची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली. काही लपवलं नाही. "माझ्यासारखं करू नका," म्हणाले. त्यावर कोपऱ्यावरचे आप्पा उठून आत गेले आणि एक बाटली घेऊन आले. मग आणखी एक जण उठला. बाटल्या गोळा केल्या त्या रविवारी 'आमच्याकडे न्हाई' म्हणून छातीठोक सांगणारी पाच घरं होती आमच्या गल्लीत. सिस्टरांना स्टीलचा डबा पुन्हा आणावा लागला.

या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. भुऱ्याच्या डाव्या डोळ्यातला तो छोटा डाग अजून आहे. सिस्टर मात्र आता गल्लीत नाहीत. नांदेडला त्यांची लेक एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, तिच्याकडे राहायला गेल्या. तिथल्या गल्लीचं काय होत असेल याची मला कल्पना आहे.

निघाल्या त्या दिवशी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो. भुऱ्याला अण्णांनी साखळीनं धरलं होतं. सिस्टर ट्रंकेवर बसल्या होत्या, छत्री मांडीवर.

"बांधलंय का?" त्यांनी विचारलं.

"बांधलंय," अण्णा म्हणाले.

"मंग सोडा की."

अण्णांनी साखळी सोडली. भुऱ्या सरळ त्यांच्यापाशी गेला आणि मांडीवर डोकं ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं डावी पापणी वर केली, डोळा उजेडाला वळवून पाहिला. "चिपडं न्हाईत," म्हणाल्या आणि त्याच्या कानामागे खाजवत राहिल्या. गाडी आली. आम्ही सामान चढवलं, त्या खिडकीशी बसल्या. मंदानं वाटेत खायला धपाटे दिले होते, ते त्यांनी तिथेच उघडले. एकाचा तुकडा मोडून गजांमधून भुऱ्याच्या डाव्या बाजूला टाकला. त्यानं तो वरच्यावर झेलला. उरलेला अर्धा त्यांनी त्याच हातानं तोंडात घातला आणि आमच्याकडे बघून हसल्या.

फलाटावरचा नळ खिडकीपासून दहा पावलांवर होता. गाडी पाच मिनिटं थांबली. सिस्टर उतरल्या नाहीत.